पिस्तूल बाहेर ठेवून जीन्स घ्या

गेल्या उन्हाळ्यात आई सोलापूरहून टेक्ससमधल्या प्लेनोला माझ्याकडे आली, ती बॅगेत एक सुतळी घेऊन. माझ्या भाच्याच्या कमरेचं माप. एक गाठ कमरेची, दुसरी उंचीची. त्याला अमेरिकेची जीन्स हवी होती.

दुकानाच्या काचेवर इंचभर उंचीच्या अक्षरांत भलामोठा मजकूर होता, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. आई चष्मा लावून उभी राहिली. "अगं, काय लिहिलंय एवढं?"

"पिस्तूल घेऊन आत येऊ नका, असं."

"म्हणजे लिहिलं नाही तर येतात?"

येतात. टेक्ससमध्ये 2016 पासून परवानाधारकांना कमरेला उघडं पिस्तूल लावून फिरता येतं आणि सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांपुढच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. दुकानदाराला नको असेल तर पाटी लावायची, पण शब्द कायद्याने ठरवून दिलेले. लपवलेल्या पिस्तुलाची पाटी वेगळी, उघड्याची वेगळी. कायद्याच्या कलमांवरून लोक त्यांना 'थर्टी ओ सिक्स' आणि 'थर्टी ओ सेव्हन' म्हणतात. इथून दहा-पंधरा मिनिटांवर ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये मे 2023 मध्ये गोळीबारात आठ जण मारले गेले. त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअरही होती. हे मी आईला सांगितलं नाही.

लीव्हाइस या जीन्स कंपनीची गोष्ट मात्र सांगितली, कारण ती जीन्सच्या दुकानातच सुरू झाली. कंपनीच्या एका दुकानात एका गिऱ्हाइकाच्या स्वतःच्याच पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि तोच जखमी झाला. नोव्हेंबर 2016 मध्ये कंपनीचे प्रमुख चिप बर्ग यांनी जाहीर पत्र लिहिलं: कृपया आमच्या दुकानांत शस्त्र आणू नका. माणूस स्वतः लष्करात अधिकारी होता, आणि ही नुसती विनंती होती, बंदी नव्हती. तरी त्यांना धमक्या आल्या. मग 4 सप्टेंबर 2018 ला कंपनी आणखी पुढे गेली. बंदुकीचा हिंसाचार रोखू पाहणाऱ्या संस्थांना चार वर्षांत दहा लाख डॉलरहून जास्त देणार, आणि न्यूयॉर्कचे माजी महापौर ब्लूमबर्ग यांच्या 'एव्हरीटाउन' या बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्या संघटनेबरोबर उद्योजकांची आघाडी उभारणार.

आदल्याच दिवशी नायकेची फुटबॉलपटू कॅपर्निकवाली जाहिरात आली होती, आणि वर्णभेदाच्या निषेधासाठी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या या खेळाडूला पुढे केलं म्हणून लोक बूट जाळत होते. (हा खेळाडू आधी ज्या संघाकडून खेळायचा, त्याच्या स्टेडियमला नाव लीव्हाइसचं.) त्याच आठवड्यात जीन्सची पाळी आली. 'यापुढे रँग्लरच', म्हणजे दुसऱ्या कंपनीची जीन्स, अशा शपथा घेतल्या गेल्या. दुसऱ्या बाजूचे लोक मुद्दाम लीव्हाइस घेऊ लागले. आमच्या ऑफिसात तर जेवणाच्या सुट्टीत लोक एकमेकांच्या मागच्या खिशावरचं लेबल वाचायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ऑस्टिनच्या यती कंपनीने बंदूकधारकांच्या संघटनेची सवलत काढली म्हणून लोकांनी आपले शेकडो डॉलरचे बर्फाचे डबे स्फोटकं लावून उडवले होते. पुण्यात 1905 मध्ये विदेशी कापडाची होळी झाली, ती परक्याच्या गिरणीविरुद्ध. इथे माणूस स्वतःच्या पैशाने घेतलेलं, स्वतःच्याच देशाच्या कंपनीचं जाळतो. लीव्हाइस म्हणजे खाणकामगारांची, काउबॉयची पँट. 1873 चं रिव्हेटचं पेटंट इथलं. "आपलाच माणूस उलटला" असा तो राग असावा.

धंद्याचं काय झालं? 2018 मध्ये विक्री 14 टक्क्यांनी वाढून 5.6 अब्ज डॉलरवर गेली. ती या भूमिकेमुळे वाढली असं मी म्हणणार नाही, पण बहिष्काराने कंबर मोडली नाही एवढं खरं.

आई हे सगळं अर्ध्या कानाने ऐकत होती. ती पँट उलटी करून आतली शिलाई बघत होती, मग लेबल. "ही इथे शिवत नाहीत?"

"आता नाही."

"मग शिवणाऱ्या बायकांचं काय झालं?"

हा प्रश्न मला ऑफिसात कधी कोणी विचारला नव्हता. 1990 मध्ये लीव्हाइसने टेक्ससमधल्याच सॅन अँटोनियोचा एक कारखाना बंद केला आणि काम कोस्टा रिकाला नेलं. हजाराहून जास्त लोक बेकार झाले, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका. त्यांनी 'फुएर्सा उनिदा', म्हणजे एकवटलेली ताकद, नावाची संघटना काढली आणि लीव्हाइसवर बहिष्काराची हाक दिली. कंपनीचे अमेरिकेतले स्वतःचे शेवटचे शिलाई कारखानेही 2003-04 मध्ये याच गावात बंद झाले. पिस्तुलासाठी जीन्स सोडायची शपथ घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तेव्हा या बायकांसाठी जीन्स सोडली असेल? मला तर त्यांचं नावही इथे दहा वर्षं राहिल्यावर, योगायोगाने कळलं.

आईचे वडील सोलापूरच्या गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा ती दहावीत होती. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. तिने पर्समधून सुतळी काढली, पँटच्या कमरेला लावून बघितली.

"दोन बोटं सैल आहे. असू दे, वाढतं अंग आहे."