आमची वाटचाल : क्विंटलमागे युनिट किती?

वाशिम जिल्ह्यात गावाबाहेर आमची दाल मिल आहे. आधी पीकेव्हीच्या (अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या) मिनी दाल मिलवर गावातल्या लोकांची तूर भरडून द्यायचो, मग २०१४ ला जुनी मशिनरी घेऊन विजेचा ४० एचपीचा लोड घेतला. हातात पैसा कमी, म्हणून मोटरी रिवाइंड केलेल्याच, म्हणजे जळाल्यावर आतली तार पुन्हा गुंडाळलेल्या, घेतल्या, आणि वायरमन म्हणाला भाऊ साडेसात एचपीच्या जागी दहाची बसवा, जळायचं टेन्शन नाही. तेव्हा पटलं.

पहिली तीन-चार वर्षं धंदा झाला पण बिलात जायचा. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्या लाईनवर व्होल्टेज ३४० वर यायचं, पाहिजे ४१५, मग मोटर जास्त करंट ओढते, हात लावला तर चटका बसायचा आणि वार्निश जळाल्याचा वास यायचा. पुन्हा वाइंडरकडे.

२०१८ ला पुतण्या आयटीआय करून आला, इलेक्ट्रिशियन. त्यानं बिल हातात घेतलं आणि म्हणाला, काका, पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते त्याचा आकडा, ०.७२ आहे, तुम्ही दर महिन्याला दंड भरता. बिलावर छापलेलं होतं हो, आम्ही फक्त खालची रक्कम बघायचो! मोठी मोटर अर्ध्या लोडवर चालली की पॉवर फॅक्टर पडतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. तो सुधारायला कपॅसिटर पॅनल बसवलं, दंड बंद झाला.

पण खरा फरक तुरीनं पडला. पुतण्यानं रोज मीटर लिहायला लावलं, किती क्विंटल भरडली आणि किती युनिट गेले, तर एका दिवशी क्विंटलला चार युनिट आणि दुसऱ्या दिवशी सहा, मशीन तेच, माणसं तीच. शोधलं तर तूर ओलसर होती. तुरीला तेल-पाणी चोळल्यावर ऊन नीट लागलं नाही की साल सुटत नाही, मग तोच माल तीनदा साल काढायच्या रोलरमधून काढा, वर चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, जास्त पडते ते वेगळंच. आता एक दिवस जास्त वाळवतो. पट्टेपण दर आठवड्याला ताणून घेतो.

आमच्यासारख्या छोट्या मिलवाल्यांना हे कळत नाही असं नाही, पण सीझनला सगळा पैसा तुरीत अडकतो आणि बँक मालावर कर्ज देते, नव्या मोटरीसाठी विचारलं तर टाळते. फ्रिजवरचे स्टार सगळे बघतात, मोटरच्या पाटीवरचं आयई३, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरची खूण, कुणी बघत नाही. आम्ही मागच्या दिवाळीला रोलरची मोटर आयई३ घेतली, साडेसातचीच. माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची अजून जुनीच आहे, ती यंदा तूर यायच्या आधी बदलायची.