नाग नदीचा प्रकल्प आज पूर्ण झाला

नागपूर, शनिवार, रात्री

आज दुपारी आमच्या गटाने नाग नदीवरच्या प्रकल्पाची वही मॅडमच्या हाती दिली. अकरावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयात आम्हाला गटाने प्रकल्प करायचा होता, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला विषय ठरवताना बहुतेक गटांनी पुस्तकांवरून पूर्ण करता येतील असे विषय घेतले. आम्ही सहा जणांनी नदी घेतली, कारण आमच्यातल्या तिघांची घरे तिच्या काठाला आहेत, एक डागा लेआउटला, एक नंदनवनला आणि एक पारडीला. डागा लेआउटच्या मित्राच्या घरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्यावर पाणी शिरले होते, त्यामुळे नदी म्हटले की त्याला पूर आठवतो. पारडीच्या मैत्रिणीला वास आठवतो. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले असे आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्याविषयी या दोघांच्या आठवणी एवढ्या वेगळ्या असाव्यात, याचे मला तेव्हाच नवल वाटले होते.

काम सुरू केल्यावर पहिल्यांदा आम्ही नदीचा मार्ग नकाशावर काढला. वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांतून निघालेले पाणी अंबाझरीत येते, तिथून पुढे शहराच्या मधोमध सुमारे 17 किलोमीटर वाहते, मग पिवळी नदीला मिळून कन्हानला जाते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते आणि ते सारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. आपल्या दृष्टीने नदी पारडीच्या पुलाखाली दिसेनाशी होते, पण आपण तिच्यात सोडलेले सांडपाणी तिथे थांबत नाही. कुही आणि पवनीकडच्या शेतांना त्याच्याशी रोजचा संबंध येतो. अहवालात या मार्गाला आम्ही पूर्ण दोन पाने दिली आणि ती कमी करायला कोणीच तयार झाले नाही. ते योग्यच झाले.

जुन्या आठवणी गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. महाल भागातल्या एका आजींनी आधी, "आता काऊन विचारून राह्यले तुम्ही लोक?" असा प्रश्न केला आणि मग तासभर बोलत बसल्या. त्यांच्या सासूबाई नदीवर धुणे घेऊन जात असत, हे त्यांनी तीनदा सांगितले. अशा आठवणींची नोंद आम्ही वेगळ्या पानांवर ठेवली, कारण त्या खऱ्या असल्या तरी त्यांवरून पाण्याविषयी अनुमान काढता येत नाही.

अनुमान काढायचे ते कुपीवरून. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत प्रयोगशाळेतल्या काकांनी आम्हाला शिकवली, आणि या सबंध वर्षात शाळेत पाहिलेली सर्वांत सुंदर गोष्ट मला तीच वाटते. काचेची 300 मिलिलिटरची कुपी आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे, बूच लावून कुपी उलटसुलट करायची आणि थांबायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी अवक्षेप, म्हणजे गाळासारखा साका, खाली बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. त्यानंतर आम्ल घालून, स्टार्च टाकून, ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, हायपो (सोडियम थायोसल्फेट) थेंबाथेंबाने सोडला की निळा रंग एका क्षणी नाहीसा होतो आणि तिथे आकडा वाचायचा. अंबाझरीच्या कुपीत अवक्षेप गडद तपकिरी झाला. जानेवारीत पारडीहून आणलेल्या कुपीत तो दुधासारखा पांढरा राहिला, आणि आम्ही सहाही जण टेबलाभोवती काही न बोलता उभे राहिलो.

खरे म्हणजे थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. मग हिवाळ्यातली कुपी पांढरी का राहावी? थंडीत नदीला पावसाचे पाणी नसते, जे वाहते ते प्रामुख्याने सांडपाणी, आणि त्यातली घाण खाणारे सूक्ष्मजीव होता नव्हता तेवढा प्राणवायू संपवतात. ऑगस्टमध्ये पावसाची झड चालू असताना त्याच पुलाखालच्या पाण्यात अवक्षेप फिकट का होईना, पण तपकिरी झाला होता.

यावरूनच निष्कर्षाच्या परिच्छेदावर आमचा वाद झाला आणि तो कित्येक दिवस चालला. डागा लेआउटच्या मित्राला "नाग नदी मृत झाली आहे" असे वाक्य हवे होते. त्याचा आग्रह मी समजू शकते, कारण घरात चिखल भरलेला त्याने पाहिला आहे आणि नदीविषयी कोणी गुळमुळीत बोललेले त्याला सहन होत नाही. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटने मोजण्याचे काम, करणारी आमची मैत्रीण, जी एरवी गटात फार बोलत नाही, तिने त्या वाक्याला ठाम नकार दिला. तिचे म्हणणे असे की आपण नमुने नेहमी सकाळी शाळेआधी घेतले. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असल्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सहसा सर्वांत कमी असतो. त्यामुळे आपण जे पाहिले ते त्या जागेचे, त्या ऋतूचे आणि त्या वेळेचे आहे, एवढेच आपण लिहू शकतो. मला तिचे म्हणणे पटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. सौम्य लिहिणे वेगळे आणि अचूक लिहिणे वेगळे. अचूक लिहिलेले वाचून महानगरपालिकेतला अभियंता किंवा पवनीचा शेतकरी उद्या आम्हाला प्रश्न विचारू शकेल आणि आमच्यापाशी उत्तर असेल.

शेवटी वाक्य मित्रानेच लिहिले, आणि ते आमच्यापैकी कोणीही एकट्याने लिहिले असते त्यापेक्षा चांगले झाले आहे: "पारडी येथे हिवाळ्यात सकाळी घेतलेल्या नमुन्यात विरघळलेला प्राणवायू आढळला नाही, स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम असावा लागतो." त्यात राग कुठेही लिहिलेला नाही, तरी मला तो जाणवतो.

सीताबर्डीच्या बाजारात स्पायरल बाइंडिंग करून घेताना पृष्ठांचा क्रम दोनदा तपासला, सहाही जणांच्या सह्या झाल्या, आणि तोंडी परीक्षेत मॅडमनी सर्वांत जास्त प्रश्न नेमके सकाळच्या नमुन्यांवर विचारले. उत्तरे त्या मैत्रिणीने दिली आणि मित्राने दोन ठिकाणी तिच्या बोलण्यात भर घातली. गट म्हणून आमचे काम आता संपले, याचे मला आज संध्याकाळपासून फार वाईट वाटत आहे. सकाळी सहाला कुप्यांची पिशवी घेऊन पुलावर जमण्याची सवय झाली होती.

पुढच्या वर्षीच्या अकरावीने हेच काम चालू ठेवावे असे मॅडमनी सुचवले आहे. त्यासाठी कच्च्या नोंदींची वही नीट लावून देण्याचे काम मी मागून घेतले. नमुने दुपारीही घ्यावेत, ही सूचना पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहायची आहे. तिच्याखाली कुपी भरण्याची कृती मैत्रीण स्वतः लिहिणार आहे, आणि त्यासाठी आम्ही सोमवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसणार आहोत.