सिम्प्लेक्टिक इंटिग्रेटर, टप्पा दुसरा: ऊर्जेआधी क्षेत्रफळ तपासा

सिम्प्लेक्टिक इंटिग्रेटर म्हणजे गतीची समीकरणं संगणकावर पायरीपायरीने सोडवताना स्थान-संवेगाच्या आलेखातलं क्षेत्रफळ राखणारी पद्धत. चाचणीला स्प्रिंगचा साधा दोलक: वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांक १, ऊर्जा (क्यू² + पी²)/२; क्यू म्हणजे स्थान, पी म्हणजे संवेग. सुरुवात क्यू = १, पी = ० इथून. वेळेची पायरी एच = ०.५, मुद्दाम मोठी. दोष लपत नाहीत.

साधा ऑयलर, म्हणजे जुन्या आकड्यांवरून सरळ पुढचे काढणारी पद्धत, लगेच बाद. दर पायरीला ऊर्जा (१ + एच²) पट, म्हणजे १.२५ पट, दहा पायऱ्यांत नऊपटीच्या वर. चौथ्या क्रमाचा रुंगे-कुट्टा (अचूक, पण सिम्प्लेक्टिक नसलेली नेहमीची पद्धत) मात्र फसवतो. दहा पायऱ्यांत ऊर्जा जेमतेम ०.२ टक्का घटते, तर लीपफ्रॉग या सिम्प्लेक्टिक पद्धतीची ०.५ आणि ०.४६९ यांच्यात हेलकावे खाते. इथेच थांबलात तर रुंगे-कुट्टाच सरस वाटेल. १०,००० पायऱ्या चालवा: त्याच्याकडे सुमारे १२ टक्के ऊर्जा उरते, लीपफ्रॉगचे हेलकावे होते तेवढेच.

हॅमिल्टनची समीकरणं (क्यू-पीमध्ये लिहिलेले गतीचे नियम) फेज स्पेसमधला, म्हणजे क्यू-पीच्या आलेखातला, तुकडा ताणतात, पिळतात, पण त्याचं क्षेत्रफळ बदलू देत नाहीत. सिम्प्लेक्टिक भूमितीचा गाभा हाच. क्यू-पीच्या जोड्या अनेक असल्या की प्रत्येक जोडीच्या प्रतलावरच्या क्षेत्रफळांची चिन्हासकट बेरीज कायम राहते. नुसतं घनफळ राखण्यापेक्षा ही अट बरीच कडक.

म्हणून (१, ०), (१.१, ०), (१, ०.१) हे तीन बिंदू बरोबरच चालवा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ०.००५. लीपफ्रॉगमध्ये ते राउंड-ऑफ (संगणकाने शेवटचे अंक कापल्याची चूक) सोडला तर हलत नाही. रुंगे-कुट्टात दर पायरीला ०.०२१ टक्के आटतं. ऊर्जेच्या आलेखापेक्षा ही तपासणी जास्त भरवशाची.

सिम्प्लेक्टिक ऑयलरमध्ये आधी पी बदलायचा, मग तो नवा पी घेऊन क्यू. पायथनमध्ये दोन्ही एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहिले की उजवीकडे जुनेच आकडे जातात आणि साधा ऑयलर परत येतो. एररही येत नाही, हीच पंचाईत. क्रम बरोबर असेल तर क्यू² + पी² − एच·क्यू·पी तंतोतंत टिकतं, म्हणजे वर्तुळाऐवजी तिरकं लंबवर्तुळ दिसतं. एच २ च्या पुढे नेलात तर सगळं उधळतं.

वेग बघून पायरी लहान-मोठी करायचा मोह आवरा. क्षेत्रफळाचा हिशोब मोडतो आणि गळती परत सुरू होते.

पुढचं काम हेनॉन-हाइल्स (१९६४), आकाशगंगेतल्या ताऱ्याच्या गतीचं साधं मॉडेल. दुहेरी लोलक सध्या नको: त्याच्या गतिज ऊर्जेत कोन मिसळलेले असतात, त्यामुळे लीपफ्रॉग सरळ बसत नाही. हेनॉन-हाइल्समध्ये ऊर्जा १/१२ ला छेदचित्रात (कक्षा ठरावीक प्रतल जिथे जिथे ओलांडते त्या ठिपक्यांच्या चित्रात) स्वच्छ वक्र यायला हवेत, १/८ ला त्यांच्यामध्ये विखुरलेले ठिपके. १/६ च्या वर कण निसटू शकतो, तेव्हा खालीच राहा.