द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, मागेपुढे का फुटतात?

नाशिकच्या द्राक्षवेलीला झोप मोडणारी थंडी पुरेशी मिळत नाही. त्यात शेंड्याचा डोळा आधी फुटतो नि ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या जोरावर खालच्यांना दाबून ठेवतो. म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग, म्हणजे ते डोळ्यांना लावणं. त्याने डोळ्यातलं कॅटालेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं, हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं. तो ताणच फुटीचा इशारा ठरतो.

छाटणीनंतर ४८ तासांत, त्याचं साधारण ५० टक्के द्रावण लिटरभर पाण्याला ३० ते ४० मिली. जाड काडीला वरची मात्रा. हवे तेवढ्याच डोळ्यांना औषध लावा, नाहीतर फुटव्यांची गर्दी होते. लगेच पाऊस आला तर औषध धुऊन जातं. हातमोजे हवेतच आणि त्या दिवसांत, आधी-नंतरही, दारू अजिबात नको. हे मजुरांना बजावून सांगा, विषबाधा गंभीर होते.