स्टार म्हणजे नक्की किती खोल?

लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींत) टाकण्याआधी ऑब्जेक्टमधली नको ती माहिती गाळायची, एवढंच काम. नियम कॉन्फिगमध्ये असतात: 'यूजर.पासवर्ड', 'ऑर्डर.*.कार्ड', '**.टोकन'. एक स्टार म्हणजे एकच पातळी, दोन स्टार म्हणजे कितीही खोल. बहुतेक जण अख्खा ऑब्जेक्ट सपाट करतात, प्रत्येक पाथची स्ट्रिंग बनवतात आणि स्टारच्या जागी रेजेक्सचा (मजकुरात नमुने शोधायच्या भाषेचा) डॉट-स्टार, म्हणजे 'काहीही, कितीही', घालून मोकळे होतात.

मला हे अजिबात पटत नाही. रेजेक्समध्ये नुसता डॉट म्हणजे कुठलंही एक चिन्ह, त्यामुळे तो एस्केप करायचा राहिला की 'यूजर.नाव' हा पॅटर्न 'यूजर_नाव'लाही लागतो. ते एक वेळ रिव्ह्यूमध्ये कोणी पकडेल. खरी गोम स्टारमध्ये आहे. रेजेक्सचा डॉट-स्टार पातळीबितळी जुमानत नाही, त्यामुळे 'ऑर्डर.*.कार्ड' हा 'ऑर्डर.१.पेमेंट.जुनं.कार्ड'लाही गिळतो. मग दोन स्टार वेगळे ठेवलेत कशाला? आणि कीमध्येच, म्हणजे फील्डच्या नावातच, डॉट असला, समजा "२.१" अशी व्हर्शनची की, तर नुसती स्ट्रिंग बघून पातळी कुठे संपली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून स्ट्रिंग बनवूच नये. कॉन्फिगमध्येच पॅटर्न तुकड्यांच्या ॲरेत लिहा आणि ऑब्जेक्टमध्ये एकेक पातळी उतरताना एकेक तुकडा खर्च करा. साधा तुकडा कीशी तंतोतंत जुळला पाहिजे. एका स्टारला कुठलीही की चालते, पण एकच. दोन स्टार आले की दोन्ही वाटा धुंडाळायच्या: ते सोडून पुढचा तुकडा याच पातळीवर लावायचा, शिवाय ते हातात तसेच ठेवून एक पातळी खाली जायचं. '**.टोकन'मध्ये वरचंच टोकन पहिल्या वाटेने सापडतं, आत दडलेलं दुसरीने. तुकडा जुळला नाही की ती अख्खी फांदी सोडून देता येते, हा वरचा नफा.

जावास्क्रिप्टवाल्यांनी नल (रिकामी किंमत) आधी तपासावा. त्याचाही टाइप 'ऑब्जेक्ट'च येतो. आणि ऑब्जेक्ट फिरून स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर दोन स्टार कधी थांबतच नाहीत, तेव्हा उतरलेल्या वाटेवरचे ऑब्जेक्ट वीकसेटमध्ये (ऑब्जेक्टच ठेवायच्या संचात) ठेवा आणि त्यातला पुन्हा भेटला की मागे फिरा.

जेसन डेटात अशाच पाथने शोधायची भाषा म्हणजे जेसनपाथ. २००७च्या या भाषेला फेब्रुवारी २०२४मध्ये आरएफसी ९५३५ हा अधिकृत मानक दस्तऐवज मिळाला. तिथे खोलवर जायला दोन डॉट आहेत, आणि 'पास*' असा अर्धवट स्टार नाहीच. मला ते आवडतं. गाळताना 'पास*'ने पासवर्डसोबत पासपोर्टही गेला तर फार तर लॉग अपुरा राहील. पण तोच पॅटर्न कोणी 'एवढीच फील्ड बाहेर द्या' अशा यादीत टाकला, तर पासवर्ड थेट रिस्पॉन्समध्ये.