आयटीएमटी लॉग: ‘उलटी’ अट सुटली

काल रात्री सुटलं एकदाचं! मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की इंटेल_पीस्टेटमध्ये (लिनक्स कर्नलमधला, इंटेल प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर) आयटीएमटी (जास्त वेगवान कोरना आधी काम द्यायची सोय) चालू करणारी अट उलटी पडली आहे, पॅच तयार करतोय. तो पॅच मी पुसून टाकला. अट बरोबर आहे, आणि फार देखणी आहे.

अडलो होतो ते असं. मॅक्स म्हणजे आतापर्यंतच्या कोरमधला सगळ्यात मोठा आकडा, मिन म्हणजे सगळ्यात लहान. सुरुवातीला मॅक्स शून्य, मिन यू32_मॅक्स (32 बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा). आणि अट म्हणते, मॅक्स मिनपेक्षा लहान किंवा समान असेल तरच आत शिरा. मॅक्स मिनपेक्षा लहान? तीन रात्री याच ओळीवर गेल्या. शेवटी स्क्रीन बंद करून वही घेतली. समजा सीपीपीसीने (फर्मवेअरने कोरची क्षमता कळवायची पद्धत) चार कोरचं हायेस्ट_पर्फ (कमाल क्षमतेचा आकडा) दिलं 64, 64, 64, 66. पहिला कोर आला, मॅक्स आणि मिन दोन्ही 64. दुसऱ्या-तिसऱ्यालाही तेच, म्हणून अट खरीच राहते. चौथ्याला मॅक्स 66 होतो, शेड्यूल_वर्क लागतं (आयटीएमटी चालू करायचं काम रांगेत जातं) आणि तिथून पुढे अट कायमची खोटी. ‘आतापर्यंत सगळे कोर सारखेच निघाले का?’ एवढंच ती विचारते. वेगळा फ्लॅग नाही, तरी काम एकदाच. प्रत्येक कोरची प्रायॉरिटी तर त्याआधीच शेड्युलरला (कोणतं काम कोणत्या कोरवर, ते ठरवणारा भाग) कळवलेली असते.

यातून जुनं कोडंही सुटलं. ओव्हरक्लॉकिंग चालू असलेल्या काही मशीनवर सीपीपीसी सरसकट 255 सांगतं. सगळे समान, मग आयटीएमटी चालू होणार कसं? म्हणून 255 दिसलं की ड्रायव्हर एचडब्ल्यूपी कॅपॅबिलिटीजमधला (प्रोसेसरच्या स्वतःच्या रजिस्टरमधला) आकडा घेतो. माझ्या जुन्या कर्नलवर शेड_आयटीएमटी_एनेबल्ड ही आयटीएमटी चालू-बंद करायची फाइलच का दिसत नव्हती, ते आता पटतंय.

ब्राउझरमध्ये कोड चाळणं मी सोडलंय. कोडमध्ये शोधायला सीस्कोप आणि ओळ कुणी बदलली ते बघायला गिट ब्लेम, बास.

पुढचा बेत एएमडी_पीस्टेटचा (एएमडी प्रोसेसरचा तसाच ड्रायव्हर) होता, कर्नल 6.9 मध्ये आलेला प्रिफर्ड कोर (चांगल्या कोरला आधी काम द्यायची एएमडीची सोय). पण लिहिता लिहिता शेड्यूल_वर्ककडे पुन्हा लक्ष गेलं. कोर ऑनलाइन होताना हॉटप्लग लॉक (कोर चालू-बंद करताना लागणारं कुलूप) धरलेलं असतं आणि शेड्युलर डोमेन (शेड्युलर वापरतो ते कोरचे गट) नव्याने बांधायलाही तेच लॉक लागतं, म्हणून काम रांगेत टाकतात. थेट केलं तर कसं अडकतं, हे डोळ्यांनी बघायचंय. मॅक्ससीपीयूज=1 देऊन एकाच कोरवर बूट करायचं, वर्क काढून थेट कॉल टाकायचा, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू ठेवायचं आणि वेगळ्या आकड्याचा कोर हाताने ऑनलाइन करायचा. एएमडी त्यानंतर. मशीन अडकलं तरी संदेश वाचता यावेत म्हणून शनिवारी सिरियल केबल जोडतो.