पासबुकवरचा फोटो

मे महिन्यात जळगावात तोंडाला रुमाल गुंडाळलेल्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही. ऊनच तसं असतं. त्यामुळे त्या रविवारी दुपारी विमानतळाच्या गेटवरचा जवान आप्पांना "रुमाल काढा" म्हणाला, ते सवयीनेच. आप्पांनी रुमाल सोडला. जवान एकदा आधार कार्डाकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग मला वॉकीटॉकीवर बोलावणं आलं.

मी एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये आहे. लहान विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणजे काउंटर, बॅगांचे टॅग, बोर्डिंगची हाक आणि शिडीपर्यंतची सोबत, सगळं मोजक्या माणसांत. दारावर ओळखपत्र बघणं मात्र सुरक्षावाल्यांचं काम. त्यांनी आत सोडलं नाही तर माझ्या काउंटरला काही अर्थ उरत नाही. प्रवाशांना हे पटत नाही, ते भांडतात माझ्याशीच.

आप्पा पारोळ्याकडचे शेतकरी. आधारवर गोल चेहरा, भरघोस मिशा. दारात उभ्या माणसाचा डाव्या बाजूचा खालचा जबडा कर्करोगामुळे काढलेला, तिथे छातीवरचं मांस कातडीसकट वळवून लावलेलं, नाकात नळी, अंगावर मांस म्हणून नाही. रेडिएशन झालेल्या जागेवरची मिशी गेली होती, आणि छातीच्या कातडीबरोबर आलेले केस गालावर वाढले होते. असं होतं हे मला त्या दिवशीच कळलं.

आप्पांसोबतच्या मावशी एकच सांगत होत्या, "भाऊ, फोटोमा ह्याच शेतस. तोंडनं ऑपरेशन व्हयनं." म्हणजे फोटोत हेच आहेत, तोंडाचं ऑपरेशन झालंय. जवान विदर्भातला, त्याला अहिराणी अर्धीमुर्धीच कळत होती.

शंका आली की आम्ही जन्मतारीख आणि पत्ता तोंडी विचारतो. आप्पांचं बोलणं मावशींखेरीज कोणाला उमगत नव्हतं. शिवाय जन्मतारीख एक जून. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. तिने काय ओळख पटणार?

मी स्वतः कान बघतो. केस, मिशा, वजन, रंग यांच्यावर जायचंच नाही. कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, दोन डोळ्यांतलं अंतर किती, भुवईची कमान कशी, तीळ कुठे, एवढंच बघायचं. केमोत भुवयाही जातात, स्टेरॉइडने चेहरा सुजतो, पण कान तोच राहतो. आप्पांचा उजवा कान आणि आधारवरचा कान मी मोबाइलवर फोटो मोठा करून ताडून पाहिला. पाळी चिकटलेली, दोन्हीकडे. माझी खात्री पटली. जवान म्हणाला, "तुमची पटली हो. उद्या चौकशी लागली तर उत्तर मलाच द्यावं लागेल." ते खोटं नव्हतं.

तोवर आप्पांच्या पुतण्याने सरपंचाचा दाखला काढला. गोल शिक्का, सही, "सदर इसम आमच्या गावचे रहिवासी आहेत". आमच्या लोकांचा या शिक्क्यावर फार विश्वास. विमानतळावर चालणाऱ्या ओळखपत्रांची एक यादी असते, त्यातलं एकही नसेल तर नियम गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या लेटरहेडवर, फोटो साक्षांकित करून दिलेलं प्रमाणपत्र मागतो. रविवारी दुपारी जळगावात असा अधिकारी शोधायचा कुठे? दवाखान्याची जाडजूड फाइल होती, तिच्यावर आप्पांचा फोटोही होता. पण दवाखान्याची फाइल यादीत नाही.

ही यादी मला तोंडपाठ आहे, आणि तिचा मला थोडा गर्वही आहे. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात देशांतर्गत प्रवासासाठी दहा ओळखपत्रं दिली आहेत. लोकांना आधारपलीकडचं माहीत नसतं, खरं सांगायचं तर दारावरच्या बऱ्याच जणांनाही नसतं. मी एकेक विचारत गेलो. पॅन? नाही. लायसन? नाही. मतदान कार्ड? घरी, आणि त्यावरही मिशाच. फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक?

मावशींनी चंची काढली. जुनं पासबुक भरल्यामुळे थंडीत नवं मिळालं होतं, आणि बँकेने नवा फोटो मागितला होता. त्यात नळीसकट आजचे आप्पा होते. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर.

जवानाने वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी माझ्या मोबाइलवर परिपत्रक दोनदा वाचलं, कुठेतरी फोन लावला आणि म्हणाले, "जाऊ द्या." काउंटर बंद व्हायची वेळ टळत आली होती. आप्पांनी रुमाल पुन्हा बांधला.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. आधारसाठी दहा बोटं, दोन डोळे सगळं घेतलं होतं. पण दारावर फक्त छापलेला फोटो बघितला जातो, म्हणून ते सारं बाद झालं आणि डिंकाने चिकटवलेला फोटो चालला. दवाखान्यातून सोडताना पथ्य सांगतात, तोंड उघडायचे व्यायाम सांगतात, पुढची तारीख लिहून देतात. "ओळखपत्रावरचा फोटो बदलून घ्या" ही एक ओळ कोणी लिहीत नाही. बरं, आधारचा फोटो ऑनलाइन बदलत नाही, केंद्रातच जावं लागतं. हे लोक गेले होते. ऑपरेटर म्हणाला, नळी निघाल्यावर या. डोळ्यावरची वैद्यकीय पट्टी फोटोत चालते असं आधारच्याच सूचनांत आहे, मग नळीने काय घोडं मारलं?

आमच्यातला एक तरुण सहकारी म्हणतो, चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा आली की हे प्रश्नच राहणार नाहीत. तिथे नोंदणी करताना सेल्फी आधारवरच्या फोटोशीच जुळवतात. आप्पांना निदान जवानाने दारात तरी उभं केलं, ते ॲप घरीच अडवेल.

बोटांचंही हेच. सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या कर्करुग्णाला डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळावर चार तास बसवून ठेवलं होतं. कॅपेसिटाबिन या औषधाने बोटांची कातडी सोलवटून ठसेच गेले होते. या औषधावरच्या रुग्णांनी प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं, असं त्याच्या डॉक्टरांनी पुढे वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आमच्याकडे कोणी असं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि अशा रुग्णांची आमच्याकडे काही कमी नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. पुडी कुठल्या टपरीवर मिळते ते मात्र शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

परतीच्या आदल्या रात्री पुतण्याचा मुंबईहून फोन आला. "भाऊ, इथे पासबुक चालेल ना?" नियम देशभर एकच आहे, चालायलाच हवं, असं मी सांगितलं. परिपत्रक त्याच्या मोबाइलवर पाठवलं आणि अडीच तास आधी पोचा म्हणालो. पलीकडे मावशींचं काहीतरी बोलणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघेही विमानात नव्हते. रेल्वेने आले. तिकिटाचे पैसे बुडाले, पण न गेलेल्या प्रवासावरचे कर आणि विमानतळ शुल्क मागता येतं. त्याचा अर्ज कसा करायचा तेवढं मी पुतण्याला लिहून पाठवलं.